शेवटची खेप

साहेबराव सोनकांबळे यांना राग यायला फार काही लागत नसे, आणि त्या साली तर कारणांना तोटाच नव्हता. लातूर जिल्हा नवा झालेला. कचेरीवर पाटी लागली होती, पण आत बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या. त्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. नांदेडहून साहेबरावांना "दोन-तीन महिन्यांपुरतं या" असं म्हणून टंचाई शाखेत बोलावून घेतलं, आणि ते दोन-तीन महिने अजून संपायचे होते. टँकर कुठं गेला आणि कुठं का गेला नाही, याची उत्तरं देऊन देऊन माणूस पार विटून गेला होता.

बायको पंचशीला नायगावला, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. दिवस भरत आलेले. तिला लातूरला आणावं, तर साहेबराव तिघा कारकुनांबरोबर एका खोलीत राहत आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. माहेरी आई नाही. नायगावात निदान शेजारी कोंडाबाई होती, साऱ्या गल्लीची बाळंतपणं केलेली बाई. पण पंचशीलाला नुसती कोंडाबाई नको होती, नवरा जवळ हवा होता. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी कळा सुरू झाल्याचा निरोप मिळाला, तेव्हा साहेबराव निघाले आणि अहमदपूरच्या स्टँडवर न येणाऱ्या एसटीची वाट बघत अडकले. घरी पोचले तोवर बाळ मातीआड झालं होतं. पंचशीला त्यांना एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटे.

या वेळी तसं होऊ द्यायचं नव्हतं. लातूर ते नायगाव एका दमात जाईल, वाटेत रुसणार नाही, अशी लांब पल्ल्याची दणकट फटफटी हवी होती. नवीसाठी नंबर लावला तर पोर शाळेत जायला लागेल, म्हणून जुनीच बघायची ठरली. महिनाभर बघितल्या. एकीचा मालक सापडेना, दुसरीची कागदं सापडेनात. शेवटी शिपायानं सांगितलं, चाकूरला पाशामियाँकडं जा, त्याच्याकडं दोन गाड्या आहेत. रविवारी सकाळी साहेबराव पिशवी भरूनच चाकूरला उतरले. गाडी घ्यायची, आणि तिथूनच थेट नायगाव गाठायचं.

पाशामियाँचं गॅरेज गावाबाहेर रस्त्याकडेला, लिंबाच्या झाडाखाली. म्हातारा डोळ्यांत सुरमा घालून बाजेवर बसलेला. समोर दोन्ही गाड्या उभ्या. एक तांबडी, दोन सायलेन्सरची, नुकती रंगवलेली. दुसरी काळी, साडेतीनशे सीसीची, टाकीवर ओरखडे, आरशाची नुसती दांडी राहिलेली. किंमत दोन्हींची सारखीच.

"यातली चांगली कोणती?" साहेबरावांनी सरळ विचारलं.

"बसा साहेब. चाय घ्या."

"चहा नको. कोणती चांगली ते सांगा."

"दोन्हीबी चांगल्या हायत. तुमच्या नशिबात कोणती हाय ते बघायचं."

चहा घ्यावाच लागला. मग गावाकडची विचारपूस झाली, टँकरची झाली, नव्या जिल्ह्यात कलेक्टर साहेब कुठं राहतात तेही झालं. साहेबरावांचा पाय हलायला लागला. एकदाचे ते उठले आणि तांबडीची किक मारायला गेले, तर म्हाताऱ्यानं हात वर केला.

"अशी न्हाई. रिकामी गाडी झूट बोलती साहेब. मागं वजन बसलं की मगच गाडी खरं बोलती. माझ्या हितं एकट्यानं ट्रायल न्हाई. ए मकसूद, बैठ."

मकसूद म्हणजे म्हाताऱ्याचा मेव्हणा. अंगानं आडवातिडवा, बोलायला महाग. तोंडाला रुमाल बांधून तो मागं बसला आणि तांबडी निघाली. पहिला मैलभर नवरीसारखी गेली. मग खोकली, धूर सोडला आणि बंद पडली. प्लग काढला, पुसला, बसवला. पुन्हा थोडं जाऊन बंद. शेवटी वर सूर्य, खाली तापलेला डांबरी रस्ता आणि मधे गाडी ढकलणारे टंचाई शाखेचे साहेबराव, असे ते गॅरेजवर परत आले. मकसूद सबंध वेळात एवढंच बोलला, "गरम हुई."

"गाडी का मी?" साहेबराव खेकसले.

पाशामियाँ मात्र शांत. "कार्बोरेटरला कचरा हाय. साफ करतो. तोवर काळी बघा."

मकसूद रांजणाकडं गेला. साहेबरावांनी टॉवेल डोक्याकानावरून गुंडाळला, काळीवर बसले आणि किक मारली. पहिल्याच किकेला ती धडधडली. इतक्यात मागं सीट दबली, खांद्यावर हात पडला आणि कानाशी आवाज आला, "चला."

साहेबराव निघाले. मागं वळून कोण बघतो?

भुतं रात्रीच येतात असं म्हणणाऱ्या माणसानं मराठवाड्यातला मे महिना बघितलेला नसतो. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाभळींच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या, गुरं नाहीत, माणसं नाहीत, दूरवर रस्ता पाण्यासारखा हलतोय. त्या सगळ्या सामसुमीत फक्त काळीचा ठोका ऐकू येत होता. आणि गाडी काय चालली होती! चढ असो, खड्डा असो, तिच्या आवाजात फरक नाही. महिन्याभरात पहिल्यांदा साहेबरावांना बरं वाटलं. खांद्यावरचा हातसुद्धा गार होता. रांजणात हात घालून आला असेल, असं त्यांना वाटलं.

बरं वाटलं की माणूस बोलतो, आणि चिडका माणूस बरं वाटलं की तक्रारीच सांगतो. साहेबरावांनी सुरुवात केली. कचेरी सांगितली, एसटी सांगितली, तीन कारकुनांची घोरणी सांगितली. मागचा मुकाट्यानं ऐकत होता. मग त्यानं हळूच विचारलं,

"घरी कोण हाय साहेब?"

"मालकीण हाय एकटी. नायगावला. दिवस भरलेत तिचे."

"एकटी..."

"हाव ना! त्याचाच तर घोर लागून राहिलाय मकसूदभाई. पहिलं लेकरू गेलं आमचं. मी वाटेत अडकून पडलो होतो."

"वाट बघणं लई वाईट," मागचा म्हणाला.

हे ऐकून साहेबरावांचं मन भरून आलं. दीड वर्षात कचेरीतल्या एकानंही त्यांना असं काही म्हटलं नव्हतं. "घर कुठं हाय?" असं त्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी शाळेमागची गल्ली सांगितली, निळ्या दाराचं घर सांगितलं, शेजारची कोंडाबाई सांगितली. आणि आपल्याकडं चार गोड शब्द बोलणाऱ्या माणसाला जे म्हटल्याशिवाय राहवत नाही, तेही म्हणून टाकलं.

"या की एकदा घरी. घर तुमचंच हाय."

खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला.

रस्ता तळ्याच्या बांधावर चढला. आटलेलं तळं. भेगाळलेली जमीन थेट पलीकडच्या टेकडीपर्यंत गेलेली, आणि बरोबर मध्यावर घरांची जोती, पडक्या भिंती, बिनछपराचं एक देऊळ. तळं झालं तेव्हा बुडालेली येळवाडी दोन वर्षांच्या दुष्काळानं उघडी पडली होती. पाण्याचा थेंब कुठं दिसत नव्हता, पण गाळाचा वास येत होता. ओला, थंड, विहिरीच्या तळाशी येतो तसला.

"हितं जरा थांबवा," मागचा म्हणाला.

साहेबरावांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"हे आमचं गाव..."

"तुमचं? तुम्ही तर चाकूरचे ना?"

"पाणी चढायला लागलं तसं ओव्हरसियर साहेबाच्या फटफटीवर एकेकाला नेलं. म्हातारीकोतारी, आजारी... सगळ्यांला. मला म्हणले, तू थांब. शेवटच्या खेपेला तुला नेतो..."

"मग?"

"थांबलो की."

गाडीचा मागचा भाग एकदम हलका होऊन वर उचलला गेला. साहेबरावांनी टॉवेल सोडवत मान वळवली. मागं कोणी नव्हतं.

बांध उघडाबोडका. दोन्ही बाजूंना लपायला झुडूपसुद्धा नाही. साहेबरावांनी आधी वाट पाहिली, मग हाका मारल्या. "मकसूदभाई! अहो मकसूदभाई!" पलीकडच्या टेकडीनं त्यांचीच हाक परत पाठवली. गडी उतरून बांधाखाली लघवीला गेला असणार, दुसरं काय? पण बांधाखालीही कोणी नव्हतं. मग मात्र साहेबरावांचं डोकं फिरलं. ही काय चेष्टा आहे? भर उन्हात एका सरकारी माणसाला ताटकळत ठेवायचं म्हणजे काय? "या मग चालत!" असं ओरडून त्यांनी गाडी वळवली. वळवताना त्यांचा हात मागच्या सीटला लागला. सीट ओली होती.

परत येताना काळी हलकी आणि भरधाव चालत होती, आणि ते त्यांना आता आवडत नव्हतं.

गॅरेजसमोर लिंबाखाली मकसूद भाकरी खात बसला होता.

साहेबरावांनी गाडी बंद केली. "तुम्ही... कशावर आलात?"

मकसूदनं घास थांबवून म्हाताऱ्याकडं पाहिलं. पाशामियाँ बाजेवरून उठला होता. "तो गेलाच न्हाई साहेब. पाणी पिऊन येस्तोवर तुम्ही निघून गेलात. आम्ही लई आवाज दिला."

"मग माझ्या मागं कोण होतं?"

म्हातारा काळीजवळ आला. सीटवर त्यानं तळवा ठेवला, तो नाकाशी नेला आणि धोतराला पुसून टाकला.

"ही गाडी तळ्याच्या ओव्हरसियरची. लिलावात घेतली मी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "गिऱ्हाइकं म्हणतेत, मागं वजन वाटतं, शॉकअप बदला. दोनदा बदलले. पर तो नुसता बसायचा साहेब. तळ्यापर्यंत जायचा, उतरायचा. कुणाला तकलीफ न्हाई, काही न्हाई. कुणाशी बोलला न्हाई आजवर..."

"आज बोलला."

"तुम्ही काय बोललात?"

साहेबरावांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"घरचा पत्ता दिलात?" म्हातारा अगदी जवळ आला. "साहेब... या म्हणालात का?"

साहेबरावांना राग आला. भीती वाटली की त्यांना रागच येई. भूतबीत काही नसतं, हे ते बुद्धविहारात उभं राहून लोकांना सांगणारे गृहस्थ. ऊन लागलं असेल. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, माणसाला काहीही ऐकू येतं. आणि या म्हाताऱ्याला एवढं ठाऊक होतं, तर आधी सांगायला काय झालं होतं? तसं त्यांनी तोंडावर विचारलं.

"सांगितलं तर गाडी घेता का कुणी?" पाशामियाँ म्हणाला. निदान खोटं तरी बोलला नाही.

आता निवड करायची होती, आणि ती करताना साहेबरावांचा जीव खरोखर कासावीस झाला. काळी त्यांना एका दमात नायगावला नेऊन सोडणार, यात शंका नव्हती. महिनाभर जी गाडी शोधत होते ती हीच. तांबडी वाटेत कुठं बसेल याचा नेम नाही. पण काळीवर मागची सीट होती. जो आहे तो त्या सीटवर आहे; सीट इथं राहिली म्हणजे तोही इथंच राहिला. भुतावर विश्वास नसलेल्या माणसानं भुताचा असा चोख हिशेब मांडला आणि तांबडीची किल्ली मागितली.

निघताना पाशामियाँनं पैसे मोजून घेतले नाहीत, तसेच खिशात टाकले. "खुदा हाफिज" म्हणून तो पाठमोरा झाला.

तांबडीनं दगा द्यायचा तसा दिलाच. अहमदपूरच्या अलीकडं प्लग काळा पडला. कंधारच्या रस्त्याला क्लचची तार तुटली, आणि ती जोडून देणारा मिस्त्री जेवून झोपला होता. त्याला उठवायला शेजारी तयार होईनात. साहेबराव त्या बंद दारासमोर उन्हात उभे राहिले आणि त्यांना अहमदपूरच्या स्टँडवरचा तो दिवस आठवला. डोळ्यांत पाणी आलं. काळी घ्यायला हवी होती, असं त्यांना दर मैलाला वाटलं, आणि दर मैलाला त्यांनी एकदा मागं हात नेऊन सीट चाचपली. सीट कोरडी होती, उन्हानं तापलेली होती. तेवढाच धीर.

नायगाव आलं तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. शाळेमागच्या गल्लीत बाया दारात उभ्या होत्या. गाडी तशीच भिंतीला टेकवून साहेबराव धावले.

निळ्या दारात कोंडाबाई, पदर खोचलेला, तोंडभर हसू. "आले बगा आता! पोरगी झाली साहेब. गुटगुटीत हाय. मायबी बरी हाय, लेकरूबी बरं हाय."

साहेबराव दारातच मटकन खाली बसले. मग ते आत गेले. पंचशीला बाजेवर पडली होती, थकलेली, पण चेहऱ्यावर गेल्या दीड वर्षात न दिसलेलं काहीतरी होतं. कुशीत पोर. तिनं नवऱ्याचा हात धरला.

"या वेळी आलात," ती म्हणाली.

"कुठं आलो? उशीरच झाला ना... गाडी सारखी..."

"असू द्या. माणूस तर वेळेवर पाठवलात तुम्ही."

साहेबरावांनी हात सोडवून घेतला.

"कोणता माणूस?"

"तुमचा तो. टॉवेल बांधलेला. कळा सुरू झाल्या तेव्हा घरात मी एकटी. ओरडायचं म्हणलं तर आवाज फुटेना. तर ह्यो माणूस दारात. म्हणला, साहेबांनी या म्हणलंय, म्हणून आलो. त्यानंच कोंडामावशीला हाक मारली."

"हाव," कोंडाबाई म्हणाली. "अन् घरात पाणी थेंबभर न्हाई हो! टँकर चार दिसांपून न्हाई आला. लेकरू न्हाऊ घालायचं कशानं? तर त्या बाबानं घागर आणून ठिवली भरून. थंडगार पाणी, बर्फावानी. वास जरा गाळाचा येत होता, पर अशा दिसांत कोण बगतंय? ऊन करून घेतलं, त्यातच न्हाऊ घातलं. बाळंतिणीलाबी तेच पाजलं."

साहेबरावांनी स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडं पाहिलं. तांब्याची जुनी घागर होती, काठापर्यंत हिरवट कळंक चढलेली. त्यांच्या घरात कधी नव्हती ती.

"तो... कुठं गेला?"

"पोरगी बघितली अन् गेला," पंचशीला म्हणाली. "लई वेळ बघत होता. मी चहा घ्या म्हणलं, तर नको म्हणला. घागर राहू द्या, म्हणला, उद्या दुपारी येऊन नेतो."

"नेऊ द्या, नेऊ द्या," साहेबराव घाईघाईनं म्हणाले. "ती आत्ताच बाहेर ठेवतो. रिकामी करून रस्त्यावर ठेवतो. आत यायचं काम नाही..."

"रिकामी?" कोंडाबाई फिस्कारली. "काय शिकले हो तुम्ही? दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवू नये. अन् असल्या उपकाराचं तर न्हाईच न्हाई. कायतरी घालून द्यावं लागतं."

"मी बोलले त्याला तसं," पंचशीला म्हणाली. तिचे डोळे मिटत आले होते. पोर तिच्या कुशीत झोपेत हसलं. "म्हणलं, साहेब आले की टँकरचं पाणी मिळवतील, घागर भरूनच देऊ तुमची. तर पोरीकडं बघून हसला."

"काय म्हणाला?"

"म्हणला, पाणी नको बाई. पाणी आमच्याकडं लई हाय..."